कोडचे तुकडे आणि टिपा: दोन वर्षांनी उघडल्यावरही कळतील अशा कशा लिहून ठेवता?

फैजपूरची_वेबवाली

राम राम मंडळी. मी फैजपूरला राहते, घरूनच वेबसाइटची कामं करते. चार वर्षं झाली. ग्राहक सगळे यावल, रावेर, सावद्याकडचे: टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी, ठिबकचं दुकान, दूध संकलन केंद्र, दोन शाळा. कॉलेजात शिकवलं त्यापेक्षा जास्त मी इंटरनेटवरचे तुकडे उचलून, चालवून, मोडून शिकले. ते सगळे तुकडे एकाच टेक्स्ट फाइलमध्ये डकवत गेले. आज ती फाइल साडेतीन हजार ओळींची आहे.

गेल्या महिन्यात त्याच फाइलने घात केला. एका केळी व्यापाऱ्याला कटाईची आगाऊ नोंदणी करायची होती. शेतकऱ्याने मोबाइलवर तारीख निवडायची, माल नवती (नव्या लागवडीचा) की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांचा) ते टाकायचं, अंदाजे घड टाकायचे. यादी बघून व्यापारी गाडी आणि मजूर पाठवणार. तारीख साठवायला मी फाइलमधला तीन ओळींचा तुकडा घेतला. दूध केंद्राच्या नोंदीत तोच तुकडा दोन वर्षं चालतोय, म्हणून वेगळा तपासला नाही. इथे मात्र प्रत्येक नोंद एक दिवस आधीची पडली. १८ तारीख निवडली की यादीत १७. पहिल्याच आठवड्यात रावेरकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर आदल्या दिवशी गाडी आणि बारा मजूर जाऊन उभे राहिले. शेतकरी लग्नाला भुसावळला गेलेले. मजूर हात हलवत परत आले. त्यांची त्या दिवसाची रोजी मी माझ्या बिलातून वळती करून दिली, कारण चूक माझी होती.

पाच तास डोकं घालून मी दुसरा तुकडा शोधला, आता तारीख बरोबर पडते. पण आधीचा तिकडे का चालत होता आणि इथे का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. फाइलमध्ये त्या तुकड्याच्या वर माझ्याच हातचं लिहिलंय: "तारीख, वर्किंग". बस, एवढंच.

तर विचारायचं हे, की तुम्ही टिपा कशा लिहिता? कशात ठेवता? आणि मराठी मजकुराच्या साइट करताना वारंवार लागतात अशा कोणत्या टिपा तुमच्याकडे आहेत? मला ही वही पहिल्यापासून लिहून काढायची आहे.

जुना_गडी_जळगाव

ताई, आधी तुमची तारीख सोडवू.

तुमचा तुकडा नक्की जावास्क्रिप्टचं 'टू आयएसओ स्ट्रिंग' फंक्शन वापरून पहिली दहा अक्षरं कापणारा असणार. ते फंक्शन वेळ आधी यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, नेतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. तारीख निवडायच्या खिडकीतून १८ तारीख आली की ती १८ च्या रात्री बाराची वेळ असते, आपल्या घड्याळाने. यूटीसीत तीच वेळ म्हणजे १७ ची संध्याकाळ, साडेसहा. दहा अक्षरं कापली की १७ हातात येते. दूध केंद्रात तो तुकडा निवडलेली तारीख घेत नसेल, 'आत्ताची वेळ' घेत असेल. दिवसा अकराला आत्ताची वेळ यूटीसीत नेली तरी तारीख तीच राहते, म्हणून चालला. पहाटे साडेपाचच्या आत मात्र तोही चुकेल. उपाय सरळ आहे: वर्ष, महिना, दिवस हे तिन्ही स्थानिक फंक्शनांनी वेगवेगळे काढायचे, महिन्यात एक मिळवायचा कारण तिथे जानेवारी शून्य असतो, आणि 'पॅडस्टार्ट'ने दोन आकडी करून जोडायचे. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा असेल तर टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लावलाय का तेही बघा.

कोड इथे डकवत नाही, शब्दांत सांगतो. हाताने टाइप केलात तर बोटांना राहील.

आता टिपांचं. मी २००९ पासून हे काम करतो आणि माझ्याही अशाच फाइली होत्या. मला उशिरा कळलं की माझे मथळे चुकत होते. मी मथळ्यात उपाय लिहायचो: "कॅरेक्टर सेट", "तारीख फंक्शन". रात्री दहाला ग्राहकाचा फोन येतो तेव्हा उपायाचं नाव माहीत असतं तर वही उघडलीच कशाला असती? तेव्हा आपल्या हातात फक्त तक्रार असते. म्हणून आता मथळा म्हणजे ग्राहकाचं वाक्य, जसं फोनवर बोलला तसं, मराठीत. "साहेब, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येताहेत." "भो, बिलात एक लाखाला स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतोय." शोधताना मी तक्रारीतला शब्द टाकतो आणि टीप सापडते. मथळ्याखाली कारण, मग तुकडा, मग तो कशावर चालवून पाहिला आणि कधी. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाची ओळ: "हा कुठे चालणार नाही". तुमच्या तारखेच्या तुकड्यावर ही एक ओळ असती तर गाडी आदल्या दिवशी गेली नसती.

नमुना म्हणून माझ्याकडची सगळ्यात जास्त वेळा उघडलेली टीप सांगतो. मथळा: "मराठी अक्षरं नीट दिसत नाहीत." ग्राहकासाठी ही एकच तक्रार आहे, आपल्यासाठी तीन वेगळे आजार. स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते आधी बघायचं, कोडला हात नंतर लावायचा.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, त्या मशीनवर फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरीसारखा वेबफॉन्ट जोडा, काम झालं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याच्या शेजारी चलनाचं गोल चिन्ह, अशी जोडी ओळभर पुन्हापुन्हा दिसत असेल तर मजकूर यूटीएफ-८ मध्येच आहे (सगळ्या लिप्या मावणारा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत), पण वाचणारा त्याला जुना लॅटिन कॅरेक्टर सेट समजून वाचतोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, पहिली बाइट सगळ्यांची तीच असते आणि दुसरी बहुतेकांची, म्हणून ती जोडी सारखी दिसते. पानाच्या मेटा टॅगमध्ये, सर्व्हरच्या हेडरमध्ये आणि डेटाबेसच्या जोडणीवर, तिन्हीकडे एकच कॅरेक्टर सेट हवा. मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवा, म्हणून हेडच्या अगदी सुरुवातीलाच ठेवायचा. आणि डेटाबेसच्या जोडणीवर सेट लावायचं तर सगळेच विसरतात.

आणि साधी प्रश्नचिन्हं दिसत असतील, ओळीने, तर वाईट बातमी आहे. साठवतानाच अक्षर न मावणाऱ्या सेटमध्ये ढकललं गेलं आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. तो मजकूर गेला. बॅकअप शोधा. एकदा एका संस्थेची चारशे सभासदांची नावं अशी गेली होती. मी दोन दिवस सेटिंग बदलत बसलो, आणि तेवढ्या वेळात नव्या नोंदीही प्रश्नचिन्हं होऊन पडत राहिल्या. हा फरक तेव्हा माहीत असता तर पहिल्या मिनिटाला फॉर्म बंद केला असता. म्हणून टिपेत पहिली ओळ आता अशी आहे: "प्रश्नचिन्हं असतील तर आधी फॉर्म बंद कर."

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कायम 'यूटीएफ-८ एमबी-४' घ्या. नुसत्या 'यूटीएफ-८' नावाच्या सेटमध्ये तीन बाइटच मावतात. मराठी मावते, पण कोणी नावापुढे इमोजी टाकला की गाडं अडतं. ८.० पासून एमबी-४ च आपोआप मिळतो, पण जुन्या होस्टिंगवर हातानेच लावावा लागतो.

जेवायला उठतोय, दुसरी टीप नंतर लिहितो.

धुळ्याचा_कोडर

व्हीएस कोड या एडिटरमध्ये यूझर स्निपेट म्हणून सोय आहे, ती वापरा. प्रत्येक तुकड्याला एक छोटा प्रीफिक्स द्यायचा, तो टाइप करून टॅब दाबला की तुकडा उमटतो. जिथे नाव बदलायचं तिथे डॉलर-एक, डॉलर-दोन ठेवायचे, टॅबने कर्सर उड्या मारत जातो, डॉलर-शून्यावर थांबतो. डिस्क्रिप्शनचा रकाना मी दोन वर्षं रिकामा ठेवत होतो. आता जळगावच्या भाऊंनी सांगितली तशी "कुठे चालणार नाही" ही ओळ तिथेच टाकतो.

एक गोष्ट मात्र जपा. वही गिटवर (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय) ठेवणार असाल तर रिपॉझिटरी, म्हणजे तिथला तुमचा साठा, खाजगी ठेवा, आणि तुकड्यात एपीआयची चावी, डेटाबेसचा पासवर्ड कधीही राहू देऊ नका. चुकून गेला तर नुसती ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या नोंदीत, ती राहते. चावीच बदलावी लागते.

मूळ_पारोळ्याचा

मी थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका. मी तुकडे साठवणं बंद केलंय. कोड शिळा होतो. माझ्या जुन्या वहीत 'मायएसक्यूएल क्वेरी' वाले तुकडे भरलेले होते. ती फंक्शनं २०१५ च्या डिसेंबरमध्ये पीएचपी ७ आलं तेव्हा भाषेतूनच काढून टाकली. पासवर्ड एमडी-५ या जुन्या, कच्च्या पद्धतीने साठवायचा तुकडा होता, तो तर चालत असूनही वापरू नये असा. पीएचपी ५.५ पासून 'पासवर्ड हॅश' हाताशी असताना मी नंतरही किती महिने वहीतलाच वापरत राहिलो. वही असली की माणूस मूळ कागदपत्र उघडत नाही. एमडीएन (वेबच्या भाषांची माहिती देणारी साइट) उघडा, पीएचपीचं मॅन्युअल उघडा, ताजं वाचा, लिहा.

जुना_गडी_जळगाव

पारोळेकर, शिळं होतं हे शंभर टक्के खरं. म्हणूनच टिपेवर तारीख आणि आवृत्ती लिहायची. माझ्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनी टीप वापरायची असेल तर आधी मॅन्युअल उघडायचं, हा नियम आहे. पण मॅन्युअलमध्ये फंक्शन काय करतं ते असतं. दूध केंद्रात चाललेला तुकडा केळीच्या फॉर्ममध्ये का चालला नाही, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं.

आणि एप्रिल-मे मध्ये इकडे पारा ४५ कडे गेला की लाइट जाते, मग नेटही जातं. त्यासाठी डेव्हडॉक्स ही साइट ऑफलाइन उतरवून ठेवता येते, एचटीएमएल, सीएसएस, पीएचपी सगळं. ताई, आजच उतरवून घ्या.

राहिलेली टीप. मथळा: "बातमीचा सारांश कधी येतो, कधी पान कोरं दिसतं." यात 'केळी' शब्द लक्षात ठेवा. आपण वाचताना दोन अक्षरं म्हणतो. संगणकाला ती चार चिन्हं आहेत: क, त्याची मात्रा, ळ, त्याची वेलांटी. आणि प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे बारा. पीएचपीत 'स्ट्रलेन' विचारलं तर १२ सांगतो, 'एमबी स्ट्रलेन' ४ सांगतो, 'ग्राफीम स्ट्रलेन' २ सांगतो. तिघेही खरं बोलतात, आपण कोणाला काय विचारलं ते आपल्याला माहीत हवं. साध्या 'सबस्ट्र'ने १०० बाइट कापले तर काप एखाद्या चिन्हाच्या पोटातून जाऊ शकतो. मध्ये रिकाम्या जागा किती यावर ते ठरतं, कारण रिकामी जागा एकच बाइट घेते. म्हणून एका बातमीला चालतं, दुसरीला नाही. असा अर्धवट कापलेला मजकूर 'जेसन एनकोड'ला (डेटा पानाकडे पाठवायला बांधणारं फंक्शन) दिला की तो थेट 'फॉल्स' परत देतो, पान कोरं, आणि एररही दिसत नाही. 'एमबी सबस्ट्र' वापरलं की पान कोरं राहत नाही, पण 'केळी' चा 'केळ' होऊ शकतो. नीट हवं असेल तर 'ग्राफीम सबस्ट्र'. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम 'इंटल' या अंगभूत संचाचा 'सेगमेंटर' करतो. फायरफॉक्समध्ये तो २०२४ मध्ये आला, त्यामुळे जुन्या आवृत्त्या वापरणारे असतील तर तपासून घ्या.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

शहाद्याहून लिहितोय. माझं काम फॉर्म आणि याद्यांचं, म्हणून त्यातल्याच टिपा.

नावाच्या खान्याला लोक रेजेक्स (अक्षरांचा नमुना तपासणारा नियम) लावतात, 'पी-एल' म्हणजे कुठल्याही लिपीचं अक्षर. वाटतं, आता मराठी चालेल. 'पाटील' टाका, नाकारतो. कारण काना आणि वेलांटी ही युनिकोडच्या दृष्टीने अक्षरं नाहीत, खुणा आहेत. त्यांच्यासाठी 'पी-एम' वेगळा जोडावा लागतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये शेवटी यू हा फ्लॅग. पाटील, चौधरी, महाजन, पावरा, वळवी: एकाही आडनावाला मात्रा-काना सुटलेला नाही. माझा फॉर्म पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्या तालुक्याला बाहेर काढत होता. तेव्हापासून नवीन फॉर्म तपासताना हीच पाच आडनावं आधी टाकतो.

मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की आकडेही मराठी येतात. जावास्क्रिप्टचा 'पार्सइंट' त्यांना ओळखत नाही, आणि त्याच्या रेजेक्समधला 'डी' सुद्धा फक्त इंग्रजी आकडे धरतो. पायथॉन मात्र दोन्ही धरतो, म्हणून पायथॉनवाल्यांना ही अडचण पटत नाही. मराठी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमानात २४०६. आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की आकडा हातात. फॉर्म आल्याबरोबर हे एकदा करून घ्यायचं, मग पुढे सगळं सरळ.

आता सगळ्यात छळणारी. हे दोन शब्द बघा: शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना. डोळ्यांना सारखे. पहिल्यात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त आहे, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. यादीत एकाने पहिलं टाइप केलं आणि शोधणाऱ्याने दुसरं, तर "नोंद सापडली नाही". तसंच 'ॲग्रो'चं. एक 'ॲ' हे सबंध एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात 'अ' वर चंद्र वेगळा बसवलेला. 'नॉर्मलाइझ' (समान चिन्हं एका रूपात आणणारं फंक्शन) केलं की सगळं एक होईल असं मला वाटलं होतं. नाही होत, या जोड्या युनिकोड समान मानतच नाही. स्वतः बदली कोष्टक लिहावं लागतं, साठवताना एकदा आणि शोधताना एकदा. इकडे दर दुसऱ्या दुकानाच्या नावात ॲग्रो आहे, त्यामुळे माझा एक अख्खा आठवडा यात गेला.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी बिघडते? फाइलच्या सुरुवातीला बीओएम या ओळखखुणेच्या तीन बाइट लिहा: ईएफ, बीबी, बीएफ. मग एक्सेल तिला यूटीएफ-८ म्हणून ओळखतो.

आणि मथळ्यांना सीएसएसमधलं 'लेटर स्पेसिंग' लावू नका. इंग्रजीत छान दिसतं, आपली शिरोरेघ तुटते.

अमळनेर_फ्रंटएंड

एकच जोड. आकड्यांसाठी 'इंटल'च्या 'नंबरफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) दिलं तर सव्वा लाख १,२५,००० असा मराठी आकड्यांत येतो. लाखाची मांडणी हवी पण आकडे इंग्रजी हवेत, तर 'ईएन-आयएन' द्या. बिलांसाठी बहुतेक दुकानदार दुसरंच मागतात, आधी विचारून घ्या.

आणि अहिराणी मजकुराचं पान करत असाल तर पानाची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये 'एमआर' लिहू नका. अहिराणीला स्वतःचा कोड आहे, 'एएचआर'. माझ्या आजीची भाषा तिच्या नावानेच नोंदली जावी असं मला मनापासून वाटतं.

फैजपूरची_वेबवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस फक्त वही लिहिली. साडेतीन हजार ओळींमधले एकेचाळीस तुकडे ठेवले, बाकीचे काढले. त्यातले बरेच मी कधी वापरलेच नव्हते, काही कशाचे हेच कळेना. पारोळ्याचे दादा, एमडी-५ वाला माझ्याकडेही होता, आणि तो एका शाळेच्या साइटवर चालू आहे. या रविवारी बदलते.

मथळे ग्राहकाच्या शब्दांत लिहायचे म्हणून मी जुने व्हॉट्सॲप मेसेज काढून बसले. दूध केंद्राच्या काकांचा दीड वर्षापूर्वीचा एक मेसेज सापडला: "बेटा, आदल्या दिवसाच्या बेरजेत दोन-चार नोंदी जास्त दिसतात." मी तेव्हा त्यांना उत्तर दिलं होतं की तुमच्याकडून दुबार नोंद होत असेल, नीट बघून टाका.

जळगावच्या दादांनी लिहिलं होतं, पहाटे साडेपाचच्या आत तोही चुकेल. काल मी लॅपटॉपचं घड्याळ सव्वापाचला लावून दूध केंद्राचं पान चालवलं. नोंद आदल्या दिवसात पडली. केंद्र पहाटे पाचला उघडतं. पहिला अर्धा तास जे लांबून, शेतातून थेट येतात, त्यांचं दूध दोन वर्षं रोज आदल्या तारखेला जमा होतंय. लिटर कुठे गेलेले नाहीत, वेळेचा रकाना वेगळा असल्यामुळे प्रत्येक नोंद परत तिच्या तारखेला बसवता येईल. पण पंधरवड्याच्या बिलात पहिल्या दिवशीच्या नोंदी मागच्या बिलात गेल्या असणार.

काकांना आज फोन केला, चूक तुमची नव्हती, माझी होती, असं सांगितलं. ते म्हणाले, ये उद्या, आधी जुना हिशोब काढू. पहाटे पाचलाच जातेय, नवीन तुकडा त्या वेळेत चालताना स्वतः बघायचाय.